संबंधाचा रकाना

किल्ल्या अडकवायच्या खिळ्यावर त्या सकाळी एक निळी पट्टी लोंबत होती, आणि टेपताईचा हात किल्लीपर्यंत जाऊन मध्येच थांबला. परवापर्यंत तिथे हिरवी पट्टी असायची. सून ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी गळ्यातलं ओळखपत्र तिथे अडकवायची, मानेवरचं ओझं उतरवल्यासारखं. नुसता पट्टीचा रंग बदलला असता तर टेपताई किल्ली घेऊन निघालीही असती. पण कार्डावर सुनेच्या फोटोच्या वर एक नवं नाव छापलं होतं, आणि ते नाव गेले चार महिने टेपताई दिवसातून वीस वेळा वाचत होती. फायलींच्या पाठीवर, दारांवर लावायच्या पाट्यांवर, टेबलावर माणसांपुढे ठेवायच्या घडीच्या कार्डांवर.

"हे कधी बदललं गं?"

"काय? कार्ड होय!" सून ओट्यापाशी डबा भरत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "काल. अहो आई, आमची लॅब विकली ना मालकांनी. पंधरा दिवस सांगतेय तुम्हाला. तुमचं लक्ष असतं कुठे?"

"कोणी घेतली ते नव्हतं सांगितलंस."

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं! काल सगळ्यांना खाली बोलावलं, केक कापला, कार्डं वाटली, संपलं. फोटो मात्र जुनाच ठेवलाय, तेवढे केस तरी काळे दिसतात." मग एकदम वळून, "का हो? चेहरा का असा?"

"कुठे काय," टेपताई म्हणाली, आणि किल्ली न घेताच बाहेर पडली.

बोलता येणारच नव्हतं. तिच्या कामाचा पहिला नियम तो होता. इमारतीतलं नाव इमारतीत राहायचं. एकतीस वर्षांत तिने नवऱ्याला, तो होता तोवर, एकाही प्रकरणाचं नाव सांगितलं नव्हतं. मुलाला नाही, बहिणींना नाही. नातेवाईक विचारत, तुमच्याकडे नेमकं होतं तरी काय, तेव्हा तिचं एक ठरलेलं उत्तर असे. दोन घरांत भांडण लागलं की ना ह्याच्या घरी बसता येतं ना त्याच्या, तिसऱ्याच्या घरी बसावं लागतं. ते तिसऱ्याचं घर आम्ही सांभाळतो. यापेक्षा चांगलं उत्तर मोठमोठ्या वकिलांनाही देता येत नसे. दोन देशांतल्या दोन कंपन्या, एकाचा दुसऱ्याच्या कोर्टावर काडीचा भरवसा नाही, मग दोघं मिळून तीन जाणती माणसं निवडतात, एक तिऱ्हाईत शहर निवडतात, तिथे येऊन समोरासमोर बसतात आणि ती तीन माणसं देतील तो निवाडा मानतात. या लवादासाठी जगातले लोक ठरावीक चारपाच शहरांतच जात. आपलंही शहर त्यांत का नसावं, असं एकतीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि गंमत म्हणजे त्यावर कोणी हसलं नाही.

स्टॉपपर्यंत चालताना तिला तेच आठवत होतं. आजचं काही न आठवावं म्हणूनही असेल. नगरपालिकेने जुनं टेलिफोन एक्स्चेंज दिलं होतं, भिंतींत तारांची भोकं असलेलं, जिन्यात उंदीर असलेलं. रंगारी भोकं बुजवत असताना मोठ्या बाई दारात उभ्या राहून त्यांना सांगत, इथे बोललेलं तिथे ऐकू जाता कामा नये, एकही भोक राहू देऊ नका. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या पहिल्या निबंधक, कोर्टातली बरी नोकरी सोडून आलेल्या, ठेंगण्या, आवाज मात्र तीन खोल्या पार जाणारा. त्या काळी टेपताई पस्तिशीची होती, आणि तिचं हे नाव पडायचं होतं. काय दिवस होते! या शहरात कोणी कोणासाठी वेळेवर काही करत नाही असं शहरातलेच लोक म्हणायचे, आणि त्या वर्षी मात्र एकेक ऑफिस आपणहून पुढे येत होतं. वीजखात्याने दुसरी लाइन ओढून दिली, एक गेली तर दुसरी. विमानतळावर साक्षीदारांसाठी एक वेगळी खिडकी उघडली आणि तिथे बसवलेला अधिकारी इतका हसतमुख निघाला की परदेशी वकील जाताना त्याचा फोटो काढून नेत. विद्यापीठाने दुभाष्यांचा वर्ग सुरू केला. आणि वरच्या कोर्टातले एक जाडजूड न्यायाधीश उद्घाटनाच्या दिवशी उठून एवढंच बोलले, की आमच्याकडे मदत मागायला आलात तर दार उघडं आहे, पण तुमच्या खोलीत आम्ही डोकावणार नाही. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. मोठ्या बाईंनी मात्र डोळे पुसले. ती पुढे बरीच वर्षं टेपताईला न उलगडलेली गोष्ट होती. न डोकावण्याच्या वचनावर माणूस रडतं का? आता ती स्वतः सहासष्टची झाली आणि हल्ली तिला त्या वाक्याशी आपलेच डोळे भरल्यासारखे वाटत.

आणि मग दीड वर्ष एकही प्रकरण आलं नाही. सगळं सज्ज, आणि कोणी येईना. मोठ्या बाईंनी दर मंगळवारी खोटी सुनावणी सुरू केली. टेलिफोनवर बसणारी मुलगी एका बाजूची वकील, हिशेबनीस दुसऱ्या बाजूचा, तीन शिपाई लवाद म्हणून समोर ओळीने बसलेले, आणि लिफ्टमन साक्षीदार. भांडण असायचं जहाजातून आलेल्या किडक्या कॉफीचं. लिफ्टमनला दर वेळी वेगळीच साक्ष द्यायची असे. "मी ती कॉफी स्वतः प्यायलोय," तो छातीवर हात ठेवून सांगे, "आणि तीन दिवस आडवा होतो." "अहो, तुम्ही जहाजाचे कप्तान आहात, तुम्ही कशाला प्याल?" "कप्तान चहा-कॉफी घेत नाही असं कुठे लिहिलंय?" शिपाई लवाद खूष होऊन त्याच्या बाजूने निवाडा देत आणि हिशेबनीस खरोखरचा रुसून डबा न खाता बसे. त्या मंगळवारांमध्येच टेपताईच्या लक्षात आलं, की हिशेबनिसाची खुर्ची भिंतीपासून जवळ आहे, त्याला मागे रेलता येत नाही, आणि दुपारी तीननंतर ऊन त्याच्याच डोळ्यांवर येतं. तिने घरून शिवणाची टेप आणली. दोन्ही टेबलं, दोन्ही बाजूंचं भिंतीपासूनचं अंतर, दोन्ही विश्रांतीच्या खोल्या, दारापासून संडासापर्यंतची पावलं, सगळं मोजून तिने एका वहीत मांडलं. मोठ्या बाईंनी ती वही शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "टेपताई, आजपासून त्या खोल्या तुझ्या." तेव्हापासून तिला खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात कोणी उरलं नाही.

बस आली आणि गेली. ती चढली नाही. पुढच्या बसला चढली तेव्हा कंडक्टरने ओळखीचं हसून विचारलं, "आज उशीर?" आणि तिने मान हलवली. अकरा दिवसांवर आलेली, ते कार्डावरचं नाव ज्यात होतं ती सुनावणी शहराला मिळालेली आजवरची सगळ्यांत मोठी होती. एका खाडीवरचा पूल, बांधणारी कंपनी एका देशातली, बांधून घेणारी दुसऱ्या, आणि खांब का खचले यावर बारा दिवसांचं भांडण. जगातली नावाजलेली दोन शहरं सोडून दोघांनी हे निवडलं होतं, आणि ती टेपताईचीही शेवटची सुनावणी होती. निवृत्तीचं वय मागे पडून सहा वर्षं झालेली, दर वर्षी एकेक वर्ष वाढवून मिळालेलं, आता हे झालं की खरंच घरी. दोन्ही बाजूंचे लोक येऊन खोल्या पाहून गेले होते. दोन वेगळ्या लिफ्ट, दोन जिने, तीन लवादांच्या खोलीला कोणाच्याही वाटेवर न उघडणारं दार. पूल बांधणाऱ्यांच्या वकीलबाई तर जाताना म्हणाल्या होत्या, की इतक्या ठिकाणी गेले पण दोन्हीकडच्या पाण्याच्या जगांची उंचीसुद्धा सारखी, हे पहिल्यांदाच पाहिलं. आणि आता त्यांच्याच कंपनीचं नाव टेपताईच्या घरात खिळ्यावर लोंबत होतं.

सुनावणीच्या आधी केंद्रातल्या प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा असे. नुसत्या लवादांनी नव्हे, झाडणाऱ्या बाईपासून सगळ्यांनी. ही मोठ्या बाईंची पद्धत. दोन्ही बाजूंपैकी कोणाशीही तुमचा संबंध आहे का, असल्यास नातं काय, एकत्र राहता का, संबंध किती जवळचे. टेपताईच्या हातात दोन्हीकडच्या खोल्यांच्या किल्ल्या असत. कचऱ्याच्या टोपलीत काय पडतं, कोण कोणाशी जिन्यात थांबून बोलतं, कोणता साक्षीदार सकाळी उलटी करून आला, हे तिला दिसे. हरलेली बाजू पुढे निवाडा मोडायला कारणं शोधत येते, आणि तेव्हा किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईच्या घरचं माणूस जिंकणाऱ्याच्या नोकरीत होतं हे बाहेर आलं की बारा दिवस पाण्यात, आणि शहराचं नावही. इतकी वर्षं तिने त्या फॉर्मवर 'नाही, नाही, लागू नाही, लागू नाही' असं लिहिलं होतं. या खेपेलाही पंधरा दिवसांपूर्वी तेच लिहून दिलं होतं. तेव्हा ते खरं होतं. कालच्या केकपासून ते खोटं झालं होतं.

पहिल्या खऱ्या प्रकरणात मोठ्या बाईंनी स्वतःचा फॉर्म भरला होता तो तिला अक्षर न् अक्षर आठवत होता. एका बाजूच्या वकिलाची बहीण वीस वर्षांपूर्वी वसतिगृहात त्यांच्या खोलीवर होती. "तिच्या लोकरी शालीत मी एक अख्खा हिवाळा काढला आहे, आणि त्या मुलीबद्दल मला अजूनही माया वाटते," असं त्यांनी लिहून दोन्ही बाजूंना पाठवलं. ऑफिसात हसू पसरलं. वकीलही हसले म्हणे. टेपताईला राग आला होता. "तुम्हाला हसतायत सगळे," ती म्हणाली. "हसू दे की," मोठ्या बाई म्हणाल्या, "हसले म्हणजे वाचलं त्यांनी." त्याच प्रकरणात टेपताईच्या हातून ती चूक झाली. एका बाजूचे म्हातारे साक्षीदार कमरेने वाकलेले, तिने दया येऊन त्यांच्या खुर्चीवर घरची उशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचं पत्र आलं, केंद्राकडून एका पक्षाला सुविधा का? तिला रडू कोसळलं. एका उशीचं पत्र! मोठ्या बाई एका अक्षरानेही टाकून बोलल्या नाहीत. दुपारी रिक्षातून एकोणीस उशा आल्या, सगळ्या करड्या, सगळ्या एका मापाच्या, आणि लवादांसकट प्रत्येक खुर्चीवर एकेक मांडली गेली. संध्याकाळी जाताना त्या जिन्यात थांबल्या. "तुझी दया वाईट नव्हती गं. पण या इमारतीत ती जोडीने द्यायची, नाहीतर द्यायचीच नाही."

ती शिकली. नको इतकी शिकली, असं तिला बसच्या खिडकीतून धावणारी दुकानं बघताना वाटलं, आणि वाटल्याचं नवल वाटलं. कारण आठवण तिला न विचारता त्या रविवारी जाऊन बसली होती. सहा वर्षांपूर्वीची दुपार, जेवणाचं टेबल, एका बाजूला मुलगा, समोर सून. मुलाचं परदेशात दुसरं कोणी होतं आणि त्याने ते येऊन सांगितलं होतं. टेपताईने काय केलं? दोघांपुढे पाण्याचे दोन पेले ठेवले. मुलाला अर्धा तास बोलू दिलं, मध्ये सुनेला बोलू दिलं नाही. मग सुनेला म्हणाली, आता तू बोल. सून पाच मिनिटंही बोलली नाही. "मला अजून काही सांगायचं नाही, आई," म्हणाली. आणि टेपताई म्हणाली, "मला तुम्ही दोघं सारखेच." तेव्हा तिला वाटलं होतं आपण जगातली सगळ्यांत न्यायाची गोष्ट बोललो. सुनेने पाण्याचा पेला उचलून धुऊन जागेवर ठेवला. मुलगा गेला. कागद झाले. सून बॅग भरत होती त्याच आठवड्यात टेपताई न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. "प्लास्टर निघेपर्यंत थांबते," सून म्हणाली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. बॅग दारामागे तशीच होती. त्यातून आधी टूथब्रश बाहेर आला, मग घरातले कपडे, मग स्वेटर, आणि एक दिवस टेपताईने पाहिलं तर रिकामी बॅग माळ्यावर गेलेली होती. यावर दोघींमध्ये एका शब्दाचं बोलणं झालं नाही. त्यानंतर सून रोज सकाळी काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली फोडून त्यांची ताकद मोजायला जाई आणि संध्याकाळी येऊन टेपताईला रागावे, गोळी घेतली नाहीत, खिडकी उघडी ठेवलीत, फोन का उचलला नाहीत. लोक विचारत, ही कोण? टेपताई म्हणे, सून. आणि घाईने विषय बदले, कारण त्यापुढचा प्रश्न तिला नको असे.

निबंधकाच्या केबिनमध्ये ती उभ्यानेच बोलली. निबंधक पंचेचाळिशीचा, मोठ्या बाईंच्या हाताखाली घडलेला, टेपताईनेच त्याला पहिल्या दिवशी कोणतं दार कोणाचं ते दाखवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून घेतले.

"काल विकली? कालच? देवा रे! एक महिना थांबता येत नव्हतं त्यांना?" मग पुढे वाकून, "बसा आधी. मला सांगा, मुलाचा घटस्फोट होऊन किती वर्षं झाली?"

"सहा होतील."

"म्हणजे कायद्याने या बाई तुमच्या कोण?"

टेपताई म्हणाली, "कोणी नाही."

"झालं तर मग! आपण लपवत काहीच नाही. नवा फॉर्म करू. नातं, या रकान्यात 'नाही'. ते खोटं नाही. एकत्र राहता का, 'होय, एकाच पत्त्यावर'. संबंध किती जवळचे..." तो जरा अडला. "घरमालकीण आणि भाडेकरू, असं काहीसं. भाडं देतात का त्या?"

"भाडं? ती मला रागावते. भाडं कसलं देतेय."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "ताई, थट्टा नाही करत. त्या लॅबमध्ये ठोकळे फोडतात, या पुलाशी त्यांचा सुतराम संबंध नाही. असं कोरडं लिहिलंत तर दोन्हीकडचे वकील दोन मिनिटांत सही करतील. पण तुम्ही लिहिलंत की जवळच्या आहेत, तर समोरची बाजू हरकत घेणारच, त्यांना घ्यावीच लागेल. आणि मला त्या खोलीत तुम्ही हव्या आहात. बारा दिवस. कोणालाही विचारा इथे."

तो मनापासून बोलत होता. फॉर्म घेऊन ती मोठ्या सुनावणीच्या खोलीत गेली. एवढ्या लांबलचक टेबलावर कोणी नव्हतं. तिची मदतनीस, जिला सगळे धाकटी म्हणत, कोपऱ्यात खुर्च्या मोजत होती, ती तिच्याकडे बघून काही न विचारता बाहेर गेली. टेपताई मधल्या जागी बसली, जिथे ती कधी बसत नसे, प्रमुख लवादाच्या. इथून दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. सगळं तिच्या हातचं होतं. कुठे एक बोटभर इकडेतिकडे नव्हतं. ही खोली तिने घडवली होती तशी तिने दुसरी कोणतीच गोष्ट घडवली नव्हती, मुलगाही नाही. बारा दिवस फक्त. त्या बारा दिवसांत ती दाराशी उभी राहिली असती, लोक एकमेकांवर तुटून पडताना ऐकलं असतं, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही बाजू दमून हात मिळवतात ते पाहिलं असतं. ते हात मिळवणं बघायला ती एकतीस वर्षं येत होती. भाडेकरू. एक शब्द. आणि तो खोटा ठरवणारं या जगात कोणी नव्हतं, ती स्वतः सोडली तर.

तिने पहिल्या रकान्यात 'होय' लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'नाही'. निबंधक म्हणाला तेच, कारण ते खरं होतं. एकत्र राहता का, 'होय'. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. संबंध किती जवळचे, आणि पुढे एक ओळ, वीतभर. हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. आईने नाही, नवऱ्याने नाही, सुनेने तर नाहीच. टेप असती तर लावली असती. तिने ओळ भरायला सुरुवात केली आणि ओळ संपली, तेव्हा कागद उलटा केला. लिहिलं की ही माझ्या मुलाची पूर्वीची पत्नी. माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला माहीत आहेत. दारात तिची चप्पल कशी पडते त्यावरून तिचा दिवस कसा गेला ते मला कळतं. माझा मुलगा हिला सोडून गेला तेव्हा मी कोणाचीच बाजू घेतली नाही, आणि ते चुकलं असं आज मला वाटतं. इथवर लिहून ती थांबली. ही वाक्यं जगाच्या दोन टोकांना बसलेले वकील वाचणार, तीन लवाद वाचणार. मग तिने शेवटचं लिहिलं: "तिच्यावर काही बिकट आलं तर मला निःपक्ष राहता येणार नाही." खाली सही केली.

निबंधकाने ते उभ्या उभ्या वाचलं. पहिली बाजू, मग मागची.

"पाठवू?" त्याने शेवटी विचारलं.

"दोघांना एकदमच पाठव. एक मिनिट मागेपुढे नको."

"ते मला सांगताय?" तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

चार दिवसांनी उत्तरं आली. पूल बांधणाऱ्या कंपनीची हरकत नव्हती. पूल बांधून घेणाऱ्यांची होती. त्यांच्या वकिलाचं पत्र आठ ओळींचं, त्यातल्या पाच नेहमीच्या. उरलेल्या तीन निबंधकाने तिला वाचून दाखवल्या, की संबंधित बाईंनी स्वतःच इतक्या प्रामाणिकपणे सांगितल्यावर हरकत न घेणं आम्हाला कठीण आहे, की हे लिहिताना खेद वाटतो, आणि की त्यांनी लावलेली खोल्यांची मांडणी कृपया कोणी हलवू नये. टेपताईने ऐकून घेतलं. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. खरोखरच बरोबर होतं. तिला त्या वकिलाचं कौतुक वाटलं, एखाद्या चांगल्या शिवलेल्या कपड्याचं वाटावं तसं. तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, धाकटीला घेऊन खोल्यांतून एक फेरी मारली, डावीकडची तिसरी खुर्ची करकरते, तीन वाजता उजवीकडचा पडदा हातभर ओढायचा, साक्षीदाराचे पाय लटपटले तर त्याच्याकडे बघू नको, दोन्हीकडे बघ. धाकटी सगळ्याला हो म्हणाली आणि निघताना वाकून पाया पडायला लागली. "पाया नको गं पडू," टेपताई म्हणाली, "पडलीस तर बारा दिवसांत दोन्ही बाजूंच्या पडावं लागेल." मग दोघी हसल्या. इमारतीच्या बाहेर आल्यावर तिने मागे वळून पाहिलं. जुनं टेलिफोन एक्स्चेंज, सगळी भोकं बुजवलेली. एवढ्या मोठ्या शहराने एकदा सगळं सोडून, कोणाच्या तरी भांडणाला नीट जागा असावी म्हणून इतकी खटपट केली होती. आणि त्यात तीही होती. हे तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

सुनावणी सुरू झाली त्या सोमवारी ती घरी होती. सुनेला तिने एवढंच सांगितलं होतं की सुट्टी घेतली. खरं सांगता येणार नव्हतं, आताही नाही, कधीच नाही. निळी पट्टी, पूल, हरकत, आणि कागदाच्या मागच्या बाजूला काय लिहिलं ते, सगळं इमारतीतलं होतं आणि इमारतीतच राहणार होतं. दहा वाजता तिने घड्याळ पाहिलं. आता तीन लवाद आत आले असतील, सगळे उठले असतील. साडेदहाला पुन्हा पाहिलं. दुपारी तीनला ती न कळत उठून उजवीकडच्या खिडकीचा पडदा ओढून आली. सहा वाजता जिन्यात चपला वाजल्या, जोरात, एकेक पायरी आपटत, आणि कुलूप उघडायच्या आतच टेपताईला कळलं होतं की आज बिनसलंय.

"त्या वरच्या बाईने ना," सून दारातूनच सुरू झाली, "आज कमाल केली. गच्चीतली आपली दोरी काढून स्वतःची बांधली. मी म्हटलं, अहो, निदान विचारायचं तरी. तर म्हणते कशी, दोरीवर नाव लिहिलं होतं का! तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मीही मग ऐकवलं थोडं, नाही असं नाही." ती खुर्चीवर बसली, श्वास घेतला, आणि आवाज एकदम खाली आणला. "आता म्हणा तुम्ही. तिचंही ऐकून घ्यायला हवं, तिचीही काही अडचण असेल. म्हणा."

"तिचंच चुकलं," टेपताई म्हणाली.

सून बघत राहिली. "अहो, पण मी अजून पूर्ण सांगितलंही नाही."

"सांग ना. पण चुकलं तिचंच."

"खरं म्हणजे मीसुद्धा जरा जास्तच..."

"ते असू दे."

सून उठली. टेपताईजवळ आली, तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि हाताचा तळवा तिच्या कपाळावर टेकवला. "ताप तर नाही ना तुम्हाला? सकाळपासून घरी आहात, काही बोलला नाहीत. गोळी घेतलीत?"

तळव्याला दिवसभराच्या काँक्रीटचा वास होता, बारीक, कोरडा. टेपताईने वर पाहिलं नाही, तिचा हात मात्र हलू दिला नाही, स्वतःच्या हाताने तिथेच धरून ठेवला.

"घेते," ती म्हणाली. "तू आधी सांग. मग काय म्हणाली ती बया?"